मिक्सरमधून रेडिओ ऐकू येतो तेव्हा आधी काय तपासावे?

ठाण्यातील वर्तकनगर परिसरातल्या एका सोसायटीच्या भजनी मंडळाची ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारले आहे की, रात्री भजनाला बसल्यावर दोन अभंगांच्या मधल्या शांततेत स्पीकरमधून मंद आवाजात रेडिओवरची मराठी निवेदने आणि गाणी ऐकू येतात, अधूनमधून ‘टर्र-टर्र-टर्र’ असा आवाज येतो आणि या सगळ्याच्या खाली एक सततची घूं असते. यंत्रणा साधी आहे. आठ चॅनलचा छोटा मिक्सर, गायकांसाठी दोन माइक, पेटीसाठी एक, तानपुऱ्याच्या ॲपसाठी मोबाइल आणि सभागृहाच्या दोन कोपऱ्यांत दोन पॉवर्ड स्पीकर. वायरमनने अर्थिंगला दोष दिला म्हणून सोसायटीने अर्थिंगचा नवा खड्डा करून घेतला, पण फरक पडला नाही. दुकानदार मिक्सर बदलायला सांगतो, तर मंडळातील काहींचा संशय शेजारच्या इमारतीवरील मोबाइल टॉवरवर आहे. मिक्सर बदलावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर ‘आत्ताच नाही’ असे आहे. ठाणे आणि नवी मुंबईतील सभागृहे, देवळे आणि गाण्याचे वर्ग यांच्या ध्वनियंत्रणा बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे, आणि अशा तक्रारींत सर्वाधिक पैसा चुकीच्या जागी खर्च होताना पाहिला आहे. त्याचे कारण असे की लोक रेडिओ कुठून येतो हे शोधत बसतात. रेडिओलहरी सगळीकडेच आहेत, त्या थांबवणे आपल्या हातात नाही. त्या कोणत्या वायरीतून यंत्रणेत शिरतात आणि कोणत्या ठिकाणी त्यांचा ऐकू येणारा आवाज होतो, हे दोन प्रश्न मात्र आपल्याला सोडवता येतात, आणि त्यांची उत्तरे मिळाली की खर्च बहुधा काही वायरी, थोडे फेराइट (वायरीवर बसवायची, रेडिओलहर अडवणारी चुंबकीय कडी) आणि एखादा संध्याकाळचा वेळ एवढाच उरतो.

त्याआधी एक गोष्ट वेगळी केली पाहिजे. तुमच्या पत्रात एक नव्हे, तीन तक्रारी आहेत. शब्द आणि गाणी ऐकू येणे ही मध्यम लहरींवरच्या प्रक्षेपणाची बाब आहे, टर्र-टर्र हा जवळच्या मोबाइलचा आवाज आहे आणि सततची घूं ही घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची. तिन्ही एकाच स्पीकरमधून येत असल्या तरी त्यांची कारणे निराळी आहेत. अर्थिंगच्या खड्ड्याचा संबंध फार तर तिसरीशी जोडता येईल, आणि तोही लोक समजतात तितका थेट नाही. त्यामुळे खड्ड्याने शब्द थांबले नाहीत यात आश्चर्य नाही. अर्थिंग विजेच्या धक्क्यापासून संरक्षणासाठी असते आणि ते चांगले असलेच पाहिजे, परंतु जमिनीपर्यंत जाणारी कित्येक मीटर लांबीची वायर रेडिओच्या वारंवारतेला सरळ वाट न वाटता स्वतःच एक अँटेना ठरते.

आता शब्दांकडे येऊ. मुंबईच्या आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आणि विविध भारती ११८८ किलोहर्ट्झवर ऐकण्याची सवय आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आहे. मध्यम लहरींचे हे प्रक्षेपण मालाडच्या बाजूने येते. तिथून ठाणे सरळ रेषेत सुमारे १५ ते २० किलोमीटर आहे आणि मध्ये येऊरचे डोंगर असले तरी शेकडो मीटर लांबीची लहर अशा डोंगरांना वळसा घालून, जमिनीला धरून पुढे जाते. १०० किलोवॉटचा प्रक्षेपक धरला, तर आदर्श परिस्थितीत एक किलोमीटरवर मीटरमागे सुमारे ३ व्होल्ट इतके क्षेत्र मिळते. ते अंतराच्या प्रमाणात घटते, म्हणजे १८ किलोमीटरवर सैद्धांतिकदृष्ट्या मीटरमागे ०.१६ व्होल्टच्या आसपास आणि जमिनीतील ऱ्हास व इमारतींचा आडोसा लक्षात घेता प्रत्यक्षात त्याहून कमी. हा आकडा लहान वाटेल. पण डायनॅमिक माइकमधून बोलण्याचा सिग्नल जेमतेम काही मिलिव्होल्टचा असतो आणि मिक्सर तो हजारपटीपर्यंत वाढवतो, हे लक्षात घेतले की २० मीटर लांबीच्या वायरीवर जमा होणारी ही ऊर्जा दुर्लक्ष करण्याजोगी राहत नाही.

तरीही ५५८ किलोहर्ट्झ कानाला ऐकू येत नाही. मानवी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. मग शब्द कसे ऐकू येतात? मध्यम लहरींवर वाहक लहरीची उंची निवेदकाच्या आवाजाप्रमाणे कमी-जास्त केलेली असते. असा सिग्नल एकाच दिशेने वीज सहज जाऊ देणाऱ्या कोणत्याही सांध्यावरून गेला की त्याची एक बाजू कापली जाते आणि उंचीतील चढउतार, म्हणजेच मूळ आवाज, मोकळा होतो. जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या सांध्यावर आधारित शोधकाचा अर्ज १९०१ मध्ये केला आणि १९०४ मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंट मिळाले, तेही याच गुणावर आधारलेले होते. तुमच्या मिक्सरच्या पहिल्या टप्प्यातील ट्रान्झिस्टरमध्ये असा सांधा असतोच. शिवाय ऑक्साइड चढलेली पी-३८ (पाव इंची) जॅकची टोके, ड्राय सोल्डर झालेला, म्हणजे नीट न चिकटलेला जोड किंवा गंजलेला क्लॅम्प यांतही तो नकळत तयार होऊ शकतो, आणि ठाण्याच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, त्याला फार वेळ लागत नाही.

एफ.एम.चे प्रक्षेपण, म्हणजे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, असे सहजासहजी शब्दांत उलगडत नाही, कारण तिथे उंची कायम राहते आणि वारंवारता बदलते. म्हणून शब्द स्पष्ट ऐकू येत असतील तर माझा पहिला संशय नेहमी मध्यम लहरींवर जातो. तो तपासण्याची रीत फार सोपी आहे. घरात एखादा जुना ट्रान्झिस्टर रेडिओ असेल तर तो सभागृहात आणा, मध्यम लहरींवर ५५८ लावा आणि स्पीकरमधले शब्द जुळतात का ते ऐका. जुळले नाहीत तर ११८८ आणि मग इतर स्थानके शोधा. शब्द जुळले की आपण अंदाजातून बाहेर आलो. शब्द असूनही ते विकृत, बदकासारखे, कोणत्याही स्थानकाशी न जुळणारे असतील तर जवळपास एखादे हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी प्रक्षेपकांचे, केंद्र असण्याची शक्यता आहे. हॅम मंडळी परवानाधारक असतात, त्यांना अशा अडथळ्यांचा अनुभव असतो आणि सौजन्याने विचारल्यास ती चाचणीसाठी वेळ ठरवून प्रक्षेपण करून दाखवतात. त्यांच्याशी भांडण्यापेक्षा त्यांची मदत घेणे जास्त फायद्याचे असते.

रात्रीच त्रास का होतो, याचे उत्तर मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे. रात्री मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन लांबवर पोहोचतात हे खरे, पण दूरच्या स्थानकाने ध्वनियंत्रणेत शिरावे इतके ते बळ बहुधा नसते. माझ्या अनुभवात याचे कारण साधे असते. रस्ता शांत झालेला असतो, पंखे बंद केलेले असतात आणि गायक माइकपासून लांब बसल्यामुळे गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे बटण) चढवलेला असतो. दिवसा तोच रेडिओ वाजत असतो, पण तो कोणाला ऐकू जात नाही. दिवसा खरोखर शांतता करून, गेन तितकाच ठेवून ऐका. तेव्हाही आवाज आला तर रात्रीचा मुद्दा बाजूला ठेवता येईल.

आता सर्वांत महत्त्वाचे काम, ते म्हणजे प्रवेशाची जागा शोधणे. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, मिक्सरवरची बटणेच पुरतात. रेडिओ ऐकू येत असताना एकेक चॅनलचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणारी पट्टी, खाली आणा. एखाद्या चॅनलचा फेडर बंद केल्यावर शब्द थांबले, तर रेडिओ त्या चॅनलच्या फेडरच्या आधी, म्हणजे त्याच्या माइकमधून, वायरीतून किंवा इनपुटच्या टप्प्यात शिरतो आहे. मग त्या चॅनलची वायर काढा आणि फेडर पुन्हा वर करा. आवाज गेला तर वायर दोषी आहे, राहिला तर मिक्सरचे ते इनपुट. सर्व फेडर खाली असतानाही शब्द येत असतील तर मास्टर, म्हणजे सर्व चॅनलचा एकत्रित आवाज ठरवणारा फेडर, खाली आणा. मास्टरनेही फरक पडला नाही, तर रेडिओ मिक्सरमधून येतच नाही. तो मिक्सरपासून स्पीकरपर्यंतच्या वायरीतून किंवा थेट स्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये शिरतो आहे, आणि अशा वेळी नवा मिक्सर आणला तरी रेडिओ तसाच वाजत राहील.

ही चाचणी मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. ठाण्यातील एका देवळात लांबलचक स्पीकर वायरी टाकून भोंगे बसवले होते आणि काकड आरतीच्या वेळी त्यांतून रेडिओ ऐकू यायचा. माइक, त्याची वायर, मिक्सर हे सारे बदलून झाले होते. मास्टर पूर्ण बंद करूनही शब्द येत होते, हे कोणी तपासलेच नव्हते. स्पीकरच्या वायरीच अँटेना झाल्या होत्या. ॲम्प्लिफायरच्या बाहेर पडण्याच्या बाजूने आलेली रेडिओलहर त्याच्या फीडबॅकच्या (बाहेरचा थोडा सिग्नल आत परत नेणाऱ्या) वाटेने मागे पहिल्या टप्प्यापर्यंत पोहोचत होती आणि तिथे तिचा आवाज होऊन तो पुन्हा पूर्ण ताकदीने भोंग्यात जात होता. वायरी एकमेकींभोवती पिळून घेतल्या, ॲम्प्लिफायरजवळ त्यांचे फेराइटच्या मोठ्या कड्यावर वेढे घेतले आणि तक्रार मिटली. वायर बाहेर जाणारी असो की आत येणारी, तिच्यातून लहर दोन्ही दिशांनी प्रवास करू शकते हे यातून लक्षात यावे.

तुमच्याकडे पॉवर्ड स्पीकर आहेत, म्हणजे ॲम्प्लिफायर स्पीकरच्या खोक्यातच आहे आणि स्पीकरची वायर जेमतेम हातभर आहे. त्यामुळे हे नेमके कारण तुमच्याकडे संभवत नाही, पण मिक्सरपासून स्पीकरपर्यंतची लांब सिग्नल वायर मात्र संशयित आहे. ती तपासण्यासाठी स्पीकरच्या टोकाला वायर काढा. स्पीकर शांत झाला, पण वायर जोडून मिक्सरच्या बाजूचे टोक मोकळे ठेवल्यावर रेडिओ परत आला, तर वायरीने गुन्हा कबूल केला असे समजा.

वायरीची लांबी इथे कशी काम करते हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३७ मीटर लांब, तिचा चौथा भाग १३४ मीटर. तुमची कोणतीही वायर तितकी लांब नाही, म्हणून ती अँटेना म्हणून अपुरी आहे, पण प्रक्षेपण जोरदार असल्यामुळे अपुरी अँटेनाही पुरते. हॅमच्या ७ मेगाहर्ट्झची लहर ४२-४३ मीटरची, तिचा चौथा भाग साडेदहा मीटरच्या आसपास, म्हणजे मंचावरची नेहमीची माइकची वायर. १०० मेगाहर्ट्झला हीच लांबी ७५ सेंटिमीटर आणि मोबाइलच्या ९०० मेगाहर्ट्झला ८ सेंटिमीटर होते. यावरून कळते की मध्यम लहरींच्या त्रासात लांब वायरींकडे पाहावे, आणि मोबाइलच्या त्रासात वायर सोडून थेट मिक्सरच्या आतल्या सर्किटकडे किंवा माइकच्या दांड्याकडे.

वायरींत मला सर्वांत जास्त दोष सापडतो तो एका ठरावीक प्रकारात. माइकच्या बाजूला तीन पिनांचा एक्स.एल.आर. आणि मिक्सरच्या बाजूला पी-३८ मोनो जॅक अशी तयार वायर बाजारात सर्रास मिळते आणि मंडळांच्या ट्रंकेत ती असतेच. या वायरीत सिग्नलची एक तार शिल्डलाच, म्हणजे तारांभोवतीच्या धातूच्या जाळीलाच, जोडलेली असते, त्यामुळे शिल्डवर जमा झालेली प्रत्येक गोष्ट सिग्नलचा भाग बनते. उलट दोन्ही बाजूंना एक्स.एल.आर. असलेल्या बॅलन्स्ड वायरीत सिग्नल दोन पिळलेल्या तारांवर एकमेकांच्या उलट जातो, बाहेरून आलेली लहर दोन्हींवर सारखीच पडते आणि मिक्सर दोन्हींतील फरक घेत असल्यामुळे ती वजा होते. तुमच्या तीन माइकांपैकी एकही अशा मोनो जॅकच्या वायरीवर असेल, तर ती आजच बदला. त्यासाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहू नका.

बॅलन्स्ड वायर ही मात्र सर्व दुखण्यांवरची मात्रा नाही, आणि अनेक जाणकारही इथे थांबतात. वजाबाकी करणारे सर्किट ऐकू येणाऱ्या वारंवारतेला उत्तम काम करते, पण वारंवारता वाढत जाते तशी त्याची अचूकता घटते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजाबाकी होण्यापूर्वीच पहिल्या ट्रान्झिस्टरच्या सांध्यावर रेडिओचा आवाज बनून गेलेला असू शकतो, आणि एकदा आवाज बनला की तो गायकाच्या आवाजापासून कोणालाही वेगळा करता येत नाही. म्हणून रेडिओ पहिल्या टप्प्यावर पोहोचण्याच्या आधीच अडवावा लागतो.

इथेच ‘पिन १’चा दोष समोर येतो. एक्स.एल.आर.ची पहिली पिन म्हणजे शिल्ड. ती मिक्सरच्या धातूच्या पेटीला, शिरताक्षणी, शक्य तितक्या आखूड जोडाने मिळाली पाहिजे. बऱ्याच स्वस्त यंत्रांत आणि काही महागड्यांतही ती पेटीला न जोडता थेट आतल्या सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेली असते. छपरावरचे पावसाचे पाणी पन्हाळीने बाहेरच्या बाहेर सोडण्याऐवजी दिवाणखान्यातून मोरीकडे न्यावे, तसा हा प्रकार आहे. शिल्डने प्रामाणिकपणे गोळा केलेली रेडिओऊर्जा बोर्डावरून हिंडते आणि प्रत्येक टप्प्याच्या संदर्भ-ग्राउंडला हलवते. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात या दोषाची सविस्तर मांडणी केली आणि पुढे त्याच संस्थेने शिल्डच्या जोडणीविषयीचे ए.ई.एस. ४८ हे मानक २००५ मध्ये काढले. तुमच्या मिक्सरमध्ये हा दोष आहे की नाही, हे तो उघडून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. चांगला दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ पिन १ पासून पेटीपर्यंत जाडसर आखूड तार टाकून हा दोष दूर करू शकतो, मात्र पेटी प्लास्टिकची असेल तर तसे करायला जागाच नसते, आणि अशा वेळी दुकानदाराचे म्हणणे निराळ्या कारणाने बरोबर ठरू शकते.

फेराइटविषयी बराच गैरसमज आहे. लॅपटॉपच्या वायरीवर दिसतो तसा मिटणारा फेराइटचा मणी वायरीवर एकदा अडकवला की काम झाले, असे लोक समजतात. वायर त्यातून एकदाच जात असेल तर मोबाइल आणि एफ.एम.च्या वारंवारतेला थोडाफार उपयोग होतो, पण ५५८ किलोहर्ट्झला जवळपास काहीच होत नाही. फेराइटचा अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एका वेढ्याला जो अडथळा, त्याच्या शंभरपट दहा वेढ्यांना मिळतो. म्हणून मध्यम लहरींसाठी मोठ्या आतील व्यासाचे कडे घ्यावे, ३१ क्रमांकाच्या मिश्रणाचे मिळाले तर उत्तम, आणि त्यावर संपूर्ण वायरीचे, म्हणजे दोन्ही तारा आणि शिल्ड एकत्र, जितके बसतील तितके वेढे घ्यावेत. संपूर्ण वायर वेढल्यामुळे गायकाच्या सिग्नलवर परिणाम होत नाही. तो दोन तारांत उलटसुलट जातो आणि फेराइटला जाणवतच नाही, तर शिल्डवरून वाहणारा रेडिओ मात्र अडतो. कडे मिक्सरच्या इनपुटच्या अगदी जवळ असावे. पाच मीटर अलीकडे बसवले तर उरलेले पाच मीटर पुन्हा अँटेना म्हणून मोकळे राहतात. जॅक कड्यातून जात नसेल तर तो काढून पुन्हा सोल्डर करावा लागतो. दुकानात ‘फेराइट’ एवढेच सांगितल्यास हाती येईल ते दिले जाते. लॅमिंग्टन रोडवर जाणार असाल तर कोणत्या वारंवारतेसाठी हवे ते सांगूनच घ्या.

काही तंत्रज्ञ माइकच्या इनपुटला कपॅसिटर लावून देतात. कल्पना बरोबर आहे, फक्त तिची मर्यादा ओळखली पाहिजे. ३३० पिकोफॅरडच्या कपॅसिटरचा अडथळा ५५८ किलोहर्ट्झला सुमारे ८६० ओहम भरतो आणि माइकचा स्वतःचा अडथळा १५० ते २०० ओहम असतो, म्हणजे तारांमध्ये शिरलेल्या लहरीला तो कपॅसिटर फारशी सोपी वाट देत नाही. तोच कपॅसिटर १०० मेगाहर्ट्झला पाच ओहमपेक्षा कमी अडथळा दाखवतो आणि तिथे छान चालतो. शिवाय पिन २ आणि पिन ३ वरचे कपॅसिटर अगदी सारखे हवेत, नाहीतर बॅलन्स्ड वायरीचा तोल आपणच बिघडवतो. न्यूट्रिक या जॅक बनवणाऱ्या कंपनीची ई.एम.सी. मालिका अशी आहे की तिच्या एक्स.एल.आर.मध्येच कपॅसिटरचे कडे आणि फेराइट बसवलेले असते. मोबाइल आणि एफ.एम.च्या त्रासाला ती मी वापरतो. मध्यम लहरींच्या हट्टी त्रासाला माझा भरवसा फेराइटचे वेढे आणि शिल्ड असलेला माइक ट्रान्सफॉर्मर यांवर जास्त आहे.

टर्र-टर्रचा उलगडा मात्र चटकन होतो. २जी पद्धतीचा मोबाइल सलग प्रक्षेपण करत नाही, एका फ्रेमचे आठ भाग पाडून त्यातील एका भागात तो बोलतो आणि ही फ्रेम ४.६१५ मिलिसेकंदांची असते. म्हणजे सेकंदाला सुमारे २१७ वेळा तो झटक्याने चालू-बंद होतो, आणि हे २१७ हर्ट्झ आणि त्याच्या पटी आपल्याला टर्र म्हणून ऐकू येतात. रिंग वाजण्याच्या क्षणभर आधी हा आवाज येतो, तो याचमुळे. ४जीवर हा आवाज इतका ठळक येत नाही. जिओचे जाळे २०१६ मध्ये सुरू झाले तेच मुळी ४जीवर, त्यामुळे एकाच्या फोनने त्रास होतो आणि शेजारच्याच्या फोनने होत नाही, असेही दिसते. तुमच्याकडे तर तानपुऱ्याचा फोन वायरीने मिक्सरलाच जोडलेला आहे. तो विमान मोडवर ठेवा आणि इतरांचे फोन मिक्सर व माइकपासून दोन मीटर दूर ठेवायला सांगा. एवढ्याने बहुतेक वेळा ही तक्रार संपते. पेटीच्या माइकजवळ पेटीवाल्यांच्या खिशातला फोन राहतो, तो विसरू नका.

टॉवरविषयी मंडळात नाराजी असेल तर तिला इथे आधार नाही. टॉवरच्या लहरीतून आकाशवाणीचे शब्द येऊ शकत नाहीत, आणि टर्र-टर्रसाठीही शेजारच्या इमारतीवरच्या अँटेनापेक्षा मिक्सरवर ठेवलेला फोन कितीतरी जास्त जबाबदार असतो, कारण अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने घटते. टॉवरच्या किरणोत्सर्गाची मर्यादा भारतात १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागावर आणलेली आहे. आरोग्याचा वाद वेगळा आहे. तुमच्या स्पीकरचा प्रश्न त्यात गुंतवू नका.

उरली घूं. तिचे एक नेहमीचे कारण म्हणजे मिक्सर एका भिंतीवरच्या बोर्डावर आणि स्पीकर दुसऱ्या बोर्डावर असणे, त्यामुळे दोन ठिकाणच्या अर्थिंगमधील किंचित फरक सिग्नलच्या शिल्डमधून वाहू लागतो. दोन्ही एकाच बोर्डावरून, जाड तारेच्या एक्स्टेन्शनने चालवून पाहा. तानपुऱ्याचा फोन चार्जरवर असताना घूं किंवा किणकिण वाढत असेल तर चार्जर काढा, आणि गरज असल्यास त्या चॅनलवर ट्रान्सफॉर्मर असलेला डी.आय. बॉक्स (साधा सिग्नल बॅलन्स्ड करून देणारी छोटी डबी) लावा. नेरूळच्या एका गाण्याच्या वर्गात मी पाहिलेली किरकिर तर नव्या एल.ई.डी. दिव्यांच्या ड्रायव्हरमधून येत होती. स्थानकांच्या मधल्या रिकाम्या जागी लावलेला ट्रान्झिस्टर दिव्याजवळ नेल्यावर तो तीच किरकिर करू लागला आणि संशय मिटला. एक गोष्ट मात्र कोणी कितीही सुचवली तरी करू नका. घूं जाते म्हणून प्लगची अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकणे हा उपाय नाही. मिक्सरमध्ये कधी दोष उद्भवला तर ती वीज गायकाच्या ओठांशी असलेल्या माइकवर येईल.

तुमच्या ठिकाणी मी कोणत्या क्रमाने जाईन हे सांगतो, म्हणजे घोळ राहणार नाही. प्रथम फोन विमान मोडवर आणि सर्व यंत्रे एका बोर्डावर, म्हणजे टर्र-टर्र आणि घूं बाजूला होतील. मग ट्रान्झिस्टरने स्थानक ओळखणे आणि फेडर-मास्टरची चाचणी. त्यानंतर मोनो जॅकच्या वायरी बदलणे, सर्व जॅक आणि सॉकेट कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसून जागच्या जागी फिरवून पाहणे. जॅक फिरवल्यावर रेडिओचा आवाज कमी-जास्त होत असेल तर गंजलेला सांधा तिथेच आहे. एवढे करूनही रेडिओ राहिला तरच फेराइटवर खर्च करा. कोणती वायर आधी वेढायची हे चाचणीने आधीच सांगितलेले असेल.

यानंतरही एकही वायर न जोडता, फक्त हेडफोन लावून मिक्सरमध्ये शब्द ऐकू आले, तर आधी हेडफोनच्या आणि विजेच्या वायरीवर फेराइट लावून पाहा, कारण त्याही वायरीच आहेत. तेवढ्यानेही भागले नाही तर मिक्सर बदलण्याची वेळ आली असे मी म्हणेन. तेव्हा मात्र दुकानात नुसते गाणे ऐकून नवा मिक्सर घेऊ नका. तुमची २० मीटरची बॅलन्स्ड वायर आणि माइक सोबत न्या, शक्य असेल तर नवा मिक्सर एका रात्रीसाठी सोसायटीच्या सभागृहातच मागवा, माइक जोडून गेन भजनाच्या वेळी असतो तितका ठेवा, फोनवर एक कॉल लावून तो मिक्सरशेजारी धरा आणि मग शांततेत ऐका. मिक्सरची पेटी धातूची आहे ना आणि एक्स.एल.आर.ची पहिली पिन तिला थेट जोडलेली आहे ना, हे दुकानाच्या तंत्रज्ञाला झाकण उघडून दाखवायला सांगा. दाखवायला नकार मिळाला तर दुसरे दुकान पाहा.